रास्पबेरी पाय, मिनी पीसी की जुना लॅपटॉप? आधी टीव्हीकडे बघा

हार्डडिस्कवर साठलेले सिनेमे, नाटकं, लग्नामुंजीचे व्हिडिओ टीव्हीवर दिसावेत म्हणून चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर, म्हणजे टीव्हीला फाइली पुरवणारा कॉम्प्युटर, घ्यायचाय? मग त्याच्या किमतीआधी टीव्ही तपासा. फाइल टीव्हीला जशीच्या तशी चालली, तर सर्व्हरचं काम पोस्टमनचं: उचलायची आणि पोचवायची. तेवढं चार-पाच वॉटमध्ये भागतं. नाही चालली, तर सर्व्हरला एकेक फ्रेम उलगडून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये पुन्हा बांधावी लागते. हेच ट्रान्सकोडिंग, आणि घोडं इथेच पेंड खातं.

मला हे भाच्याच्या मुंजीनं शिकवलं. व्हिडिओ फोनवर काढलेला, ४के एचईव्हीसी (फाइल लहान ठेवणारा नवा व्हिडिओ फॉरमॅट). टीव्ही दहा वर्षांचा, एचईव्हीसी न कळणारा. रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलेलं. मातृभोजन सुरू झालं: दोन सेकंद चित्र, मग गोल गोल चक्र, मग परत दोन सेकंद. लॉगिन करून बघतो तर प्रोसेसरचे चारही कोअर शंभर टक्क्यांवर. आईनं शेवटी फोनच मागून घेतला. पायचा दोष नाही. ते काम त्याच्या गळ्यात मीच मारलं होतं.

मग २०२३ मध्ये आलेला पाय ५? वेग बराच जास्त, पण त्यात एच.२६४ या जुन्या, सर्रास चालणाऱ्या फॉरमॅटचा हार्डवेअर डीकोडर (फ्रेम उलगडणारा भाग) नाही आणि एन्कोडर (पुन्हा बांधणारा) तर मुळीच नाही. शिवाय त्याचा २७ वॉटचा अडॅप्टर हवा. साध्या अडॅप्टरवर चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअर मिळतात. पोर्टेबल डिस्क तेवढ्यावर टकटक करत बसते. अडॅप्टर, केस, पंखा धरून हिशेब केला की ‘स्वस्त’ हा शब्द गळून पडतो.

इंटेल एन१०० वाला मिनी पीसी इथे सरळ पुढे जातो. प्रोसेसरचा टीडीपी (उष्णतेचा आकडा, ढोबळमानाने वीजखप) ६ वॉट, आणि त्यातलं क्विक सिंक, म्हणजे ट्रान्सकोडिंगसाठीचा खास भाग, ४के एचईव्हीसी सहज फिरवतं. जेलीफिनमध्ये ही सोय फुकट आहे, प्लेक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पास विकत घ्यावा लागतो. विजेचं म्हणाल तर सरासरी १० वॉट धरले तरी वर्षाला ८८ युनिट, पाच वॉटच्या पायचे ४४. आठ-नऊ रुपये दरानं महिन्याचा फरक तीसेक रुपये. एवढ्यासाठी पाय निवडू नका. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप मात्र उतरवू नका. ५० वॉट म्हणजे वर्षाला ४३८ युनिट.

घरात सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल लॅपटॉप पडून असेल, तर आधी तोच लावून बघा. १०-बिट (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसीही त्याला जमतं, आणि लाइट गेली तर बॅटरी आहेच. फक्त चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येत असेल तर थांबवा आणि अधूनमधून उलटा करून बघा. पोट फुगलेलं दिसलं की बॅटरी काढायची.

मराठी सबटायटलवाल्यांसाठी एक: टीव्हीला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती चित्रातच छापतो, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंग. आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन.

माझा तो पाय ४ आता आईच्या खोलीत असतो. तिथला टीव्ही नवा आहे. फाइल फक्त जशीच्या तशी पोचवणारं मिनीडीएलएनए हे सॉफ्टवेअर टाकलंय, नाटकं आणि कीर्तनं बिनबोभाट चालतात.