टीटीसोबत आठ महिने: ती टीचभर काच आणि ती शेपटी

पहिल्या पिढीची ऑडी टीटी कूपे, सेकंडहँड, गेले आठ महिने रोज चालवतोय. १९९५ च्या फ्रँकफर्ट शोमधल्या तिच्या कॉन्सेप्टचे, म्हणजे प्रदर्शनात मांडलेल्या नमुना गाडीचे फोटो इतके पाहिले होते, की गाडी दारात आल्यावर मी आधी फरकच शोधत बसलो. फार सापडले नाहीत. जे. मेज आणि फ्रीमन थॉमस या डिझायनरांनी कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत १९९४ मध्ये सुरू केलेला तो कमानदार आकार १९९८ मध्ये जवळपास तसाच रस्त्यावर आला. एरवी कॉन्सेप्टची विक्रीची गाडी होईपर्यंत चाकं लहान होतात, छत उंचावतं आणि मूळ स्केच ओळखूही येत नाही.

दोन गोष्टी मात्र वाढल्या. दारामागची छोटी काच कॉन्सेप्टला नव्हती, तिथे नुसता पत्रा होता. फोटोत मला तो पत्राच आवडायचा, हेल्मेटसारखा. आता मत पार बदललंय. लेन बदलताना मान वळवली की त्या टीचभर काचेतून शेजारची बाइक दिसते. आणि बाजूने पाहा, काच मागे निमुळती होत गेल्याने गाडी बसकी न वाटता पळती वाटते.

दुसरी भर स्पॉयलरची, म्हणजे वेगात गाडीचा मागचा भाग रस्त्याला धरून ठेवणाऱ्या डिकीवरच्या पट्टीची, आणि ती डिझायनरच्या हातची नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांना ताशी १८० किमीच्या वर, झटक्यात लेन बदलताना अपघात झाले. मग गाड्या परत बोलावून ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), सस्पेन्शनमधले बदल आणि ही पट्टी बसवली गेली. कारण पटतं, डोळ्यांना पटत नाही. गाडी पुसताना फडकं छतावरून सुळकन खाली येतं आणि नेमकं तिथे अडतं.

माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे छत मागच्या मडगार्डला मिळतं ती. सांधाच दिसत नाही. त्यासाठी लेझर वेल्डिंग करावं लागलं आणि गाडी यायला उशीरही झाला. डोळे मिटून बोट फिरवलंय, खाच लागत नाही.

आत एसीच्या गोल झरोक्यांभोवती ॲल्युमिनियमच्या कड्या आहेत, सिग्नलला उगाच फिरवत बसतो. मागची सीट बॅगेपुरती. एकदा मित्राला बसवलं, तर डिकी लावण्याआधी त्याला ‘डोकं खाली घे’ म्हणावं लागलं. उतरतं छत हवं तर एवढं चालायचंच.

गेल्या महिन्यात एक गॅरेजवाला म्हणाला, स्पॉयलर काढतो, भोकं बुजवतो, कळणारही नाही. मी मागे जाऊन बराच वेळ पाहत उभा राहिलो. मग हायवेवरचा पाऊस आठवला आणि नको म्हणालो.