कॅनडाच्या कामासाठी एजंट गाठताय? अर्जात ईमेल कोणाचा टाकला ते आधी बघा

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे, नागपूरच्या धंतोलीतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये अकरा वर्षं झाली. हे लिहू का नको यात बरेच दिवस गेले, कारण सासरी अजून सगळ्यांना पूर्ण गोष्ट माहीत नाही. पण मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डातली एक ज्युनिअर सिस्टर म्हणाली, ताई तुमचं कॅनडाचं काय झालं, मी पण त्याच सरांकडे टोकन भरून राहिली आहे. माझ्या पोटात गोळाच आला, म्हणून लिहून टाकते.

फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. धरमपेठेत ऑफिस, चकाचक, भिंतीवर कॅनडाचा झेंडा आणि फ्रेम केलेलं लायसन्स. तो एजंट बोलायला इतका गोड की आमचे हे, जे कोणावर पटकन विश्वास ठेवत नाहीत, ते पण दुसऱ्या भेटीत हो म्हणून मोकळे झाले. म्हणाला, "ताई, वृद्धांच्या केअर होममध्ये नोकरी पक्की आहे, एलएमआयए आपल्या हातात आहे, तुम्ही फक्त बॅग भरा." एलएमआयए म्हणजे तिथल्या मालकाला बाहेरून माणूस आणायची तिथल्या सरकारकडून मिळणारी मंजुरी. त्याचेच साडेतीन लाख सांगितले, बाकी 'फाईल चार्जेस' धरून एकूण ६ लाख ४० हजार. माझ्या पाटल्या आणि आईने दिलेला हार गोल्ड लोनवर ठेवला, उरलेले यांच्या पीएफमधून काढले. अर्धे बँकेतून गेले, अर्धे कॅश. कॅशची पावती मागितली तर म्हणे ताई, पावती घेतली तर वर जीएसटी लागेल. मी गप्प बसले, आजही ते आठवलं की झोप उडते.

आता जे नंतर कळलं ते आधी सांगते. एलएमआयएची फी दर जागेमागे १००० कॅनेडियन डॉलर असते आणि ती मालकाने भरायची असते, कामगाराकडून वसूल करणं तिथल्या नियमात बसतच नाही. मला जे भरायचं होतं ते वर्क परमिटचे १५५ आणि बायोमेट्रिकचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, ८५, म्हणजे २४० डॉलर, आपले पंधरा हजाराच्या आसपास. आणि आम्ही सहा लाख चाळीस हजार मोजले.

पण पैशापेक्षा मोठा घात वेगळाच झाला. फॉर्म भरताना त्याने माझ्या नावाने एक नवा जीमेल उघडला, पासवर्ड स्वतःकडे ठेवला, कॅनडाच्या साइटवरचं खातं पण त्यावरच काढलं. मी विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला रोज मेल बघायला वेळ कुठे असतो ताई, आम्ही बघतो ना." नाईट ड्युटी करून थकलेल्या माणसाला हे बरंच वाटतं हो. मे मध्ये मुंबईला जाऊन बायोमेट्रिक देऊन आले, घरात पेढे वाटले.

मग जून गेला, जुलै गेला. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". दिवाळीनंतर फोन उचलणंच बंद. डिसेंबरमध्ये कपाट आवरताना बायोमेट्रिकचं पत्र सापडलं, त्यावर अर्जाचा नंबर होता. माझ्या भाच्याने बसून त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर चौकशीचा वेब फॉर्म भरला, माझा खरा ईमेल टाकून. काही दिवसांनी उत्तर आलं की अर्ज सप्टेंबरमध्येच नाकारला आहे, कारण खोटी माहिती देणे.

एलएमआयएचं पत्र बनावट होतं. माझा अनुभव पण त्याने फुगवून लिहिला होता, मी कधी पाय न ठेवलेल्या एका हॉस्पिटलचं लेटर जोडलं होतं. खोटेपणाचा ठपका ठेवण्याआधी तिथले अधिकारी एक पत्र पाठवतात, की आम्हाला शंका आहे, तुमचं म्हणणं मांडा. ते पत्र जुलैमध्ये त्या जीमेलवर आलं होतं. त्याने ते मला दाखवलंच नाही, उत्तर पण दिलं नाही. त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मला पाच वर्षांची बंदी लागली, सप्टेंबर २०२९ पर्यंत. नोकरी सोडा, फिरायला जायला पण व्हिसा नाही.

भाच्याच्या ओळखीने तिथल्या एका वकिलाशी फी भरून व्हिडिओ कॉलवर बोललो. तो तिथल्या लॉ सोसायटीचा, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, मेंबर आहे हे यावेळी आधी तपासलं. त्याने सांगितलं की कॅनडाबाहेर दिलेल्या निर्णयावर तिथल्या फेडरल कोर्टात जायला ६० दिवस असतात. मुदत वाढवून मागता येते पण उशिराचं कारण कोर्टाला पटवावं लागतं, आणि कागदोपत्री अर्ज मी स्वतःच भरलेला दिसत होता. कारण पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज भरणाऱ्याला प्रतिनिधीचा वेगळा फॉर्म, आयएमएम ५४७६, जोडावा लागतो, तो याने जोडलाच नव्हता. पैसे घेऊन हे काम करायची परवानगी तिथल्या लॉ सोसायटीचे मेंबर, क्यूबेकचे नोटरी आणि कन्सल्टंट कॉलेजचे, म्हणजे इमिग्रेशन कन्सल्टंटना लायसन्स देणाऱ्या तिथल्या संस्थेचे, लायसन्सवाले यांनाच आहे. हा कशातच नव्हता, म्हणून पडद्याआड राहिला आणि सगळा दोष माझ्या नावावर.

आणि ते फ्रेममधलं लायसन्स? त्या कॉलेजचं रजिस्टर ऑनलाइन आहे, कोणीही फुकट बघू शकतं. मी तो आर ने सुरू होणारा नंबर टाकला. नंबर खरा निघाला, पण कॅनडात राहणाऱ्या एका बाईंच्या नावाचा. त्यांना मेल केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलं की नागपुरात माझं कोणीही नाही. दोन मिनिटांचं काम होतं हे. बाप्पा, टोकन भरायच्या आधी केलं असतं तर.

आपल्याकडचा पण एक नियम तेव्हा माहीत नव्हता. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टखाली परवाना लागतो, आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव दिसतं, आणि फी ३० हजार अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही. याला विचारलं तर म्हणाला आम्ही रिक्रूटमेंट करत नाही, फक्त व्हिसा कन्सल्टंट आहोत. मग नोकरी पक्की कोणत्या तोंडाने म्हणत होता?

वकिलाला द्यायला पैसे उरले नव्हते. कोणीतरी सांगितलं म्हणून सिव्हिल लाइन्सच्या न्याय मंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे मला चाळिशीत कळलं. फोनसाठी १५१०० नंबर आहे. तिथे मिळालेल्या वकील मॅडमनी बँकेचे व्यवहार, व्हॉट्सअॅपचे मेसेज, त्या जीमेलचा पत्ता असलेले कागद सगळं तारखेप्रमाणे लावून तक्रार लिहून दिली. कॅशचा पुरावा म्हणून त्याचा एकच व्हॉइस मेसेज आहे, "ताई, दीड लाख पोचले". तो डिलीट केला नाही हे नशीब.

माझा जबाब झाला आहे. पोलीस स्टेशनच्या बाकावर आणखी तिघी भेटल्या, दोघी नर्स, एक ब्युटी पार्लरवाली, आणि तिघींच्या नावाचे जीमेल त्यानेच उघडलेले. धरमपेठेतलं ऑफिस आता बंद आहे, पण त्या ज्युनिअर सिस्टरने टोकन दिलं ते मनीषनगरात, पाटी नवी, माणूस तोच. तिला सोबत घेऊन मी सोमवारी परत पोलिसांकडे जाऊन राहिली आहे. तुमच्या घरातल्या कोणी त्याला पैसे दिले असतील तर आज रात्रीच त्याच्याकडून ईमेलचा पासवर्ड मागा आणि स्वतः उघडून बघा, ६० दिवस कदाचित अजून संपले नसतील.