बेल्टनं बांधायची कार सीट की आयसोफिक्स?

मुलीसाठी आम्ही दोन्ही वापरल्या. आधी गाडीच्या बेल्टनं बांधायची, ती दीड वर्षाची झाल्यावर आयसोफिक्सची, म्हणजे गाडीतल्याच कड्यांत हूक अडकवून बसवायची. नीट बसवली तर बेल्टवालीही तितकीच जपते, हे आधीच सांगतो. गोम आहे ती ‘नीट बसवली तर’ यात.

आमची गाडी एकच. आई-अण्णांना वाईला न्यायचं असलं की सीट काढून डिकीत जायची. साताऱ्यात परतल्यावर पुन्हा सीटवर गुडघा रोवा, खाचांतून पट्टा ओवा, ताणून घट्ट करा. एकदा पुण्याहून येताना खंबाटकीच्या वळणात बायकोनं मागे पाहिलं, तर लेकीसकट सीट दाराकडे कललेली. घाट उतरून सुरूर फाट्याला थांबलो. पट्टा जातो तिथं धरून हलवली, तर चार बोटं सरकत होती. अडीच सेंटिमीटरच्या आत चालतं. सीट मीच बांधली होती, आणि घट्ट झाली असं समजून चाललो होतो. ती भीती अजून गेलेली नाही.

आयसोफिक्सला हा अंदाज उरत नाही. गाडीच्या सीटच्या फटीतल्या दोन कड्यांत हूक अडकले की खट्ट आवाज येतो, खूण हिरवी होते. सोबत सीटचा माथा मागून धरणारा टेदर पट्टा किंवा पुढून गाडीच्या तळावर टेकणारा टेकू लावायचाच, नाहीतर धडकेत सीट पुढे कलंडते. गाडीच्या तळाशी सामानाचा कप्पा असेल, तर त्याच्या झाकणावर मात्र टेकू ठेवू नका.

आयसोफिक्सची सीट जड आहे आणि महागही. जुन्या गाडीत कड्याच नसतात, आणि भाड्याच्या गाडीचा भरवसा नाही. तुमचा प्रवास असाच असेल, तर बेल्टवालीच बरी. दर वेळी हलवून बघा म्हणजे झालं.

कुठलीही घ्या, पण बाळाचं तोंड मागे हवं. युरोपच्या आर-१२९ नियमात किमान १५ महिने सांगितलेत, आम्ही त्याहून पुढे नेलं. ‘पाय आखडतील गं तिचे,’ असं आई म्हणायची. लेक मांडी घालून खुशाल झोपायची. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी उलटी सीट कधीच लावू नका.

सीट सारखी काढ-घाल होणार असेल, तर माझ्या मते आयसोफिक्सच. दुकानात जाण्याआधी मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून कड्या लागतात का, तेवढं बघून घ्या.