पाणी, व्हॅक्यूम की मास्क? कटरच्या धुळीसाठी पहिला पैसा कशात घालावा

पाथर्डी फाट्याला नवे टॉवर, गंगापूर रोडला जुन्या बंगल्यांची तोडफोड, आणि 2027च्या सिंहस्थाची कामं. नाशकात सध्या कटर-ब्रेकरचा आवाज नाही अशी गल्ली सापडणं अवघड आहे. चार-पाच माणसं हाताशी धरून फरशी, ओटे, वायरिंगसाठी भिंतीत मारायच्या झिऱ्या (खाचा) अशी कामं घेणाऱ्या ठेकेदाराला सगळी साधनं एकदम घेणं परवडत नाही. मग सुरुवात कशाने करायची? माझं मत स्पष्ट आहे: आधी पाणी, पाणी चालत नाही तिथे व्हॅक्यूम, आणि मास्क या दोन्हींच्या जोडीला. माणसांना नुसते मास्क वाटून मोकळं होणं मला पटत नाही.

डोळ्याला दिसते ती जाडी धूळ बरीचशी नाका-घशातच अडकते. घात करते ती न दिसणारी सिलिकाची धूळ (सिलिका म्हणजे वाळू, दगड, काँक्रीटमध्ये असणारा घटक). ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. हाच सिलिकोसिस, आणि तो बरा करणारं औषध नाही. बहुतेकांना दहा वर्षांहून जास्त काळाने दम लागायला लागतो, पण धूळ फार असेल तर त्याआधीही. 1997 सालीच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कॅन्सर करणारी म्हणून नोंदवली. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम ही तिची कमाल मर्यादा आहे. बंद खोलीत कोरडा कटर चालवला की ती कित्येक पटींनी ओलांडली जाते.

आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट दगडात क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचंच खनिज, कमी असतो, पण त्या भरवशावर राहू नका. लाल किंवा करड्या ठिपक्यांच्या ग्रॅनाइटमध्ये तो 20 टक्क्यांच्या वर असतो. हल्ली ओट्यांना बसवतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये सिलिका 90 टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त असते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या स्लॅबवर बंदीच घातली.

पाण्याला पहिला मान, कारण ते धूळ उडूच देत नाही. चार इंची मार्बल कटरला बहुतेक वेळा पाण्याची नळी जोडायची सोय असते. ती नळी खोक्यातच राहते आणि हेल्पर झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने धार सोडत बसतो. काहीच नसण्यापेक्षा बाटली बरी, पण मिस्त्रीचा हात पुढे सरकतो, धार मागे राहते आणि तेवढ्यात पांढरा लोट उठतो. त्यात हेल्परचं तोंड पात्यापासून हातभर अंतरावर! त्यामुळे नळीच जोडा आणि पाणी थेट पात्यावर पडतंय हे बघा. मोठ्या कट-ऑफ सॉला (काँक्रीट-दगड कापायच्या हातातल्या मोठ्या मशीनला) मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी लागतं.

पाण्याच्या अडचणीही आहेत. पहिली शॉकची. साधा अँगल ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेला नसतो, त्यावर पाणी ओतणं म्हणजे जिवाशी खेळ. कटरसाठीही साइटच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच, तो नसेल तर ओलं काम सुरू करू नका. दुसरी अडचण गाळाची. तो वाळला की पुन्हा धूळच, म्हणून ओला असतानाच खरवडून गोणीत भरा. चेंबरमध्ये सोडलात तर लाईन तुंबेल. आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत सकाळी आठला गार पाण्यात हात घालायला कोणीच राजी नसतं, नळी बाजूला पडते. त्या दिवसांत कटिंग ऊन वर आल्यावरच लावा.

राहत्या घरात भिंतीला झिऱ्या मारायच्या असतील तर पाणी जमत नाही: आत जुनी वायर, खाली लाकडी कपाटं. तिथे ग्राइंडरच्या पात्याभोवती बसणारं श्राउड (धूळ अडवणारं झाकण) आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम हाच उपाय. तो घेताना ओढ किती आहे ते विचारा. पात्याच्या व्यासाच्या दर इंचाला 25 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) हा अमेरिकेतला नियम. म्हणजे पाच इंची पात्याला 125. फिल्टर किमान 99 टक्के धूळ अडवणारा हवा, आणि तो झटकून साफ होण्याची सोयही हवी, कारण सिमेंटची धूळ फिल्टर लगेच चोंदवते आणि ओढ मरते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मात्र आणू नका. त्याच्या पिशवीतून बारीक धूळ मागच्या बाजूने निघून खोलीभर पसरते. खर्चात हा पर्याय सगळ्यात महाग आहे, पण झिऱ्या मारायचं काम वर्षभर असेल तर मी यावर पैसे घालायला कचरणार नाही.

मास्क सगळ्यात स्वस्त, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त फसवा. गमछा किंवा सर्जिकल मास्क या धुळीला पुरत नाही. आयएस 9473 हे भारतीय मानक लिहिलेला एफएफपी2 किंवा एफएफपी3, नाहीतर एन95, असा बारीक धूळ गाळणारा मास्क घ्या. एन95 नीट बसला तरी आत जाणारी धूळ फार तर दहाव्या हिश्श्यावर येते असं धरतात. दाढी असेल तर तेवढंही नाही, कडेने हवा शिरते. एप्रिल-मेच्या घामात मास्क तासाभरात हनुवटीवर येतो, यात माणसाचा दोष नाही. म्हणून मास्क हा शेवटचा आडोसा.

या तिन्हींच्या आधीचा एक मार्ग बहुतेक जण विसरतात: साइटवर कापायचंच कमी करा. व्हिट्रिफाइड टाइलचे सरळ तुकडे हाताने ओढायच्या टाइल कटरवर रेघ मारून मोडता येतात, धूळ जवळजवळ नाहीच. ओट्याचं माप देऊन सिंकचं भोक आणि कडेचं पॉलिश दुकानातच पाण्याच्या मशीनवर करून घ्या. घरमालकांनो, ठेक्याच्या कागदात ‘ओलं कटिंग, श्राउड, मास्क’ असा वेगळा आयटम लिहा आणि त्याचे पैसे द्या. दर पाडून घ्यायचा आणि वर काळजीही ठेकेदारानेच घ्यावी असं म्हणायचं, हे चालणार नाही.

पेठ, सुरगाण्याकडून कामाला येणारी कित्येक पोरं याच धुळीत वर्षानुवर्षं उभी असतात. त्यांच्यापैकी कोणाला खोकला लांबला तर सिव्हिलला पाठवा, आणि ‘मी कटरवर काम करतो, इतकी वर्षं झाली’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायला लावा. सिलिकोसिसला टीबी समजण्याची चूक होते, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे एक्स-रे आणि थुंकी दोन्ही तपासून घ्या.