भाषणकलेचा ऑनलाइन कोर्स केला, पाचपैकी साडेतीन स्टार

स्टेजची भीती घालवायला हा कोर्स घेतला होता, ती काही फारशी गेली नाही, पण आता कुणी माइक हातात घेतला की हा माणूस आपल्याला नेमकं काय करायला लावतोय ते कळायला लागलंय, त्यामुळे पैसे वसूल.

पहिले दोन धडे ॲरिस्टॉटलचे, इथॉस पॅथॉस लोगॉस, म्हणजे बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. कुठेही मिळतं हे, पळवत बघा.

खरी मजा तिसऱ्यात. १८६३ चं गेटिसबर्गचं भाषण घेतलंय, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असतानाचं. मुख्य वक्ता एडवर्ड एव्हरेट, तो दोन तास बोलला, आणि मग राष्ट्राध्यक्ष लिंकन उठला तो दोन-तीन मिनिटांत खाली बसला पण. सर व्हिडिओ थांबवून विचारतात, कार्यक्रम सैनिकांच्या दफनभूमीचा, मग ही श्रद्धांजली होती का? मी मनात हो म्हणून मोकळा. मग ते एकेक वाक्य सोडवून दाखवतात की जमीन अर्पण करायला आलेल्या लोकांना तो म्हणतोय, अर्पण तर आपण जिवंत माणसांनी व्हायचंय, राहिलेल्या कामाला. म्हणजे वरून श्रद्धांजली आणि आतून लढाई चालू ठेवायची हाक! प्रसंग वेगळा, हेतू वेगळा, हे डोक्यात तिथेच बसलं.

पुढचा धडा १९६३ चा, मार्टिन ल्यूथर किंग. लिंकनच्याच स्मारकासमोर उभं राहून सुरुवातही लिंकनच्याच ढंगात, शंभर वर्षांपूर्वी वगैरे, म्हणजे विश्वास चक्क उसना घेतलाय. 'माझं एक स्वप्न आहे' हे पुन्हा पुन्हा येतं ते काढून परिच्छेद मोठ्याने वाचायचा असा होमवर्क आहे, करून बघा, मुद्दे तेच राहतात आणि जीव जातो.

आता तक्रारी. आपलं भाषण रेकॉर्ड करून पाठवलं की फीडबॅक देणार म्हणाले होते, मला आलं 'छान, आत्मविश्वास वाढवा', हे तर घरचेपण सांगतात. आणि सहाव्या धड्यात 'घाई करायला लावणे' ही युक्ती शिकवतात, ते ऐकताना आठवलं की मी स्वतः 'शेवटच्या ३ जागा' आणि खाली उलटा पळणारा टायमर बघूनच कार्ड काढलं होतं. रेकॉर्डेड कोर्सला कसल्या जागा हो?! अर्धा स्टार त्यासाठी कापलाय, एक फीडबॅकसाठी.

घ्यायचा तर घ्या, फक्त टायमरकडे बघू नका, मी आज परत पेज उघडलं तर तो पुन्हा पहिल्यापासून पळतोय.