आहो, ॲरिझोना आणि ऑर्गन पाइपचं कॅम्पग्राउंड: आई-बाबांना घेऊन केलेल्या आरव्ही ट्रिपचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते तेवढं वाचून बुकिंगला मोकळे. ऑर्गन पाइप या कॅक्टसच्या राष्ट्रीय संरक्षित भागातलं ट्विन पीक्स कॅम्पग्राउंड पाचपैकी पाच. आहो गाव पाचपैकी पाच. भाड्याने घेतलेली आरव्ही, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची, टॉयलेटची सोय असलेली गाडी, अडीच, आणि ते अडीचसुद्धा गाडी धावायला चांगली होती म्हणून.

फिनिक्सकडचे बरेच मराठी लोक या रस्त्याने जातात पण थांबत नाहीत, कारण सगळ्यांना मेक्सिकोचा समुद्र गाठायचा असतो, रॉकी पॉइंट. आहोमध्ये पेट्रोल भरतात, मेक्सिकोचा कार इन्शुरन्स घेतात आणि सुटतात. माझं सांगणं एवढंच की थांबा. निदान एक रात्र गावात काढा आणि मग पुढे वाळवंटात जा, खास करून भारतातून आई-वडील आले असतील तर. (नकाशात ए-जे-ओ असं स्पेलिंग दिसेल, उच्चार आहो.)

फिनिक्सहून साधारण ११० मैल. गिला बेंडला ८५ नंबरचा रस्ता धरायचा, तिथून पुढे चाळीसेक मैल दोन्ही बाजूला हवाई दलाची बॉम्बिंग रेंज आहे, म्हणजे मध्ये ना दुकान ना टॉयलेट. आरव्हीचा खरा फायदा मला इथेच कळला. आईला गुडघ्यांचा त्रास आणि तासाभराने बाथरूमला जावं लागतं, कारने जाताना ती बिचारी पाणीच पीत नाही. इथे टॉयलेट गाडीतच, मोकळी जागा बघून बाजूला थांबलं की झालं, त्यामुळे संपूर्ण प्रवासात ती निवांत होती. पोरं मागच्या टेबलावर पत्ते खेळत होती, अर्थात बेल्ट लावून.

आता आरव्हीबद्दल. २८ फुटी क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराची, घेतली होती, कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. इंजिन उत्तम, एसी उत्तम, गाद्या ठीकठाक. पण घराची बॅटरी, म्हणजे इंजिनची नाही, आतले दिवे-पंप चालवणारी, ती साफ गेलेली निघाली. गावात हुकअप, म्हणजे गाडीला बाहेरून लाइट-पाण्याची जोडणी, होतं तोपर्यंत काही कळलंच नाही कारण सगळं खांबावरच्या लाइटवर चालत होतं. ट्विन पीक्सला हुकअप नाहीत, तिथे पहिल्याच रात्री दोनच्या सुमाराला हीटर बंद. हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर, बॅटरी गेली की प्रोपेन भरलेलं असून उपयोग नाही. आणि हिवाळ्यात वाळवंट रात्री चांगलंच गारठतं. जनरेटर लावायचा तर रात्री परवानगी नाही, सकाळी ८ ते १० आणि दुपारी ४ ते ६ एवढंच, आणि तो नियम अगदी योग्य आहे, त्या शांततेसाठीच तर लोक तिथे येतात. आई-बाबांना सगळ्या रजया दिल्या, आम्ही जॅकेट घालून झोपलो. कंपनीला सकाळी फोन केला तर उत्तर आलं की इंजिन चालू ठेवा, चार्ज होईल. एवढे पैसे घेऊन हे उत्तर मला पटलेलं नाही आणि पैसे परत मागितलेत.

म्हणून कळकळीने सांगते, गाडी ताब्यात घेताना चार्जिंगची वायर काढायला लावा, हीटर आणि दिवे अर्धा तास बॅटरीवर चालवून बघा. गाडी उभी असताना बॅटरी भरलेली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, १२ च्या खाली आकडा आला तर दुसरी बॅटरी मागा, लाजू नका. आणि सांडपाण्याच्या टाक्या कशा डम्प, म्हणजे रिकाम्या, करायच्या हे व्हिडिओवर न बघता तिथल्या माणसाकडून समोर करून दाखवून घ्या, आधी ब्लॅक टँक (टॉयलेटचा), मग ग्रे (सिंक-शॉवरचा), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो.

आता गाव. आहो हे तांब्याचं गाव. इथली न्यू कॉर्नेलिया खाण १९१७ पासून जोरात सुरू झाली, ॲरिझोनातली पहिली मोठी उघडी खाण. कॅलुमेट अँड ॲरिझोना कंपनीचा जॉन ग्रीनवे हा इथला मुख्य माणूस, त्याने खाणीबरोबर अख्खं गावच आखून घेतलं. मधोमध चौक, चौकात हिरवळ आणि ताडाची झाडं, दोन्ही बाजूला कमानींचे व्हरांडे, एका टोकाला जुनं रेल्वे स्टेशन, आणि समोर दोन पांढरीशुभ्र चर्च. ओसाड वाळवंटातून दोन तास गाडी चालवून आल्यावर हा चौक दिसतो तेव्हा खरंच विश्वास बसत नाही. ग्रीनवेची बायको इसाबेला पुढे ॲरिझोनाची पहिली महिला काँग्रेस सदस्य झाली, १९३३ मध्ये. १९३१ ला खाण फेल्प्स डॉज कंपनीकडे गेली, १९८३ मध्ये मोठा संप झाला, तांब्याचे भाव आधीच पडलेले, आणि १९८५ ला खाण बंद पडली. गावातले कितीतरी लोक घरं सोडून गेले.

पण एक गोष्ट चौकाच्या कौतुकात विसरून चालणार नाही. हे आखीव सुंदर गाव गोऱ्या कामगारांसाठी होतं. मेक्सिकन कामगारांची वस्ती वेगळी आणि मूळच्या ओओडम लोकांची त्याहून वेगळी, खाणीच्या बाजूला. त्या वस्तीच्या रस्त्याला आजही इंडियन व्हिलेज रोड म्हणतात आणि खाण बघायची जागा त्याच रस्त्यावर आहे. तिथलं म्युझियम ज्या छोट्या चर्चमध्ये आहे ते ओओडम लोकांसाठी बांधलेलं मिशन होतं. म्युझियम आवर्जून बघा, वेळा आधी विचारून घ्या कारण उन्हाळ्यात भरवसा नाही.

खाण कुंपणाच्या बाहेरूनच बघायला मिळते. सुमारे दीड मैल रुंद आणि हजार फुटांहून जास्त खोल खड्डा, तळाशी हिरवट निळं पाणी. बाकीच्यांचे फोटो काढून झाले तरी बाबा जाळीला धरून उभे. ते वणीकडच्या ओपनकास्ट कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेत, त्यांना हा खड्डा वाचता येतो. नातवाला जवळ घेऊन बोट दाखवत सांगत होते, "त्या पायऱ्या दिसतात ना, त्याला बेंच म्हणतात. वरून दगड सुटला तर खालच्या माणसाच्या डोक्यात जाऊ नये, बेंचवरच अडावा, म्हणून एवढी रुंद ठेवायची. आणि मशीन फिरायला जागा लागते." मग गावाबाहेरचा सपाट माथ्याचा फिकट डोंगर दाखवून म्हणाले हा काही डोंगर नाही, हा दगड दळून तांबं काढून घेतल्यावर उरलेला चोथा. असल्या खाणीत शंभर टन दगडामागे टनभरसुद्धा तांबं निघत नाही, उरलेलं जाणार कुठे, तर ते असं गावाशेजारी पसरतं. आम्हाला इंटरनेटवर वाचून जे कळलं नव्हतं ते त्यांच्या दहा मिनिटांत कळलं. तिथे माहिती सांगायला बसणाऱ्या स्थानिक आजोबांशी बाबांनी मोडक्या इंग्रजीत बराच वेळ गप्पा मारल्या, विषय एकच, पाणी कसं उपसायचे.

खाण गेली तरी गाव मेलेलं नाही. १९१९ ची कर्ली स्कूलची देखणी इमारत आता कलाकारांच्या राहण्या-काम करण्याची जागा आहे, बाजूच्या गल्लीत भिंतींवर मोठमोठी चित्रं आहेत, जुन्या शाळेत राहायची सोयही केली आहे. आरव्ही पार्क गावात आणि आसपास बरीच आहेत, आम्ही राहिलो ते साधं होतं, खडीची जमीन, पाणी, लाइट, सांडपाणी तिन्ही जोडण्या, शेजारी सगळे हिवाळ्यापुरते येणारे निवृत्त लोक, खूप प्रेमळ. फुकट राहायचं असेल तर गावाच्या दक्षिणेला डार्बी वेल रोडवर सरकारी जमीन आहे, १४ दिवस राहू देतात, पण तिथे काहीच सोय नाही, पाणीसुद्धा बरोबर न्यायचं.

मग पुढे व्हाय नावाचं एवढंसं गाव लागतं आणि तिथून वीसेक मैलांवर ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटचं व्हिजिटर सेंटर. १९३७ ला जाहीर झालेला हा भाग, सव्वातीन लाख एकरांच्या वर. ऑर्गन पाइप कॅक्टस अमेरिकेत जवळजवळ इथेच आहे, बुडापासूनच वीस-तीस फांद्या सरळ वर जातात. पहिलं फूल यायलाच पस्तीसेक वर्षं लागतात आणि फुलं रात्री उमलतात, वटवाघळं परागीभवन करतात. फुलं येतात मे-जूनला, तेव्हा तिथलं ऊन चाळिशीच्या वर असतं, सो फुलांच्या मोहात पडून म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

ट्विन पीक्सला २०८ जागा, त्यातल्या १७४ आरव्हीसाठी, बहुतेक ठिकाणी सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येतं, रिव्हर्सचं टेन्शन नाही. प्यायचं पाणी आहे, डम्प स्टेशन आहे, टॉयलेट इतकी स्वच्छ की आईने दोनदा बोलून दाखवलं, आणि काही ठिकाणी सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारे शॉवर. दोन गाड्यांच्या मध्ये झुडपं आणि कॅक्टस ठेवलेत, त्यामुळे शेजारी असून नसल्यासारखा. संध्याकाळी पूर्वेचे आहो डोंगर लाल होतात. रात्री चांदणं इतकं की बाबांनी सप्तर्षी शोधून देईपर्यंत पोरं झोपायला तयार नव्हती.

जेवणाचं सांगायलाच हवं. मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट जनरेटरच्या वेळेतच चालतात, म्हणून साधा शिट्टीचा कुकर न्या, गॅसवर खिचडी मस्त होते. फोडणी मात्र दार-खिडक्या उघडून, वरचा पंखा चालू करून द्या, मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलायला लागतो आणि कॅम्पभर ऐकू जातो. आम्ही नंतर बाहेरच्या टेबलावर छोटी शेगडी मांडून पिठलं केलं.

एक अडचण: आहो माउंटन ड्राइव्ह हा २१ मैलांचा सगळ्यात सुंदर रस्ता, पण कच्चा आहे आणि २४ फुटांपेक्षा मोठी आरव्ही नेता येत नाही. आमच्याबरोबर मैत्रिणीचं कुटुंब एसयूव्ही घेऊन आलं होतं म्हणून आळीपाळीने सगळ्यांना जाता आलं. एकटी आरव्ही असेल तर हिवाळ्यात रेंजर व्हॅनमधून नेतात का ते व्हिजिटर सेंटरला विचारा. किंवा आरव्ही घेतानाच लहान घ्या.

पोरं बरोबर असतील तर जाड दातांचा कंगवा जवळ ठेवा. चोया नावाच्या कॅक्टसचे गोळे नुसते घासून गेलात तरी चिकटतात. माझ्या मुलीच्या बुटावर एक बसला, तिने हात लावला तर तो हाताला, मग कंगवा खालून घालून एका झटक्यात लांब उडवायचा, उरलेले काटे चिमट्याने. बोटांनी ओढायला जाऊ नका.

आता सगळे विचारतात ते, मेक्सिकोची बॉर्डर एवढी जवळ, सुरक्षित आहे का. २००२ मध्ये इथे क्रिस एगल नावाच्या तरुण रेंजरला तस्करांनी मारलं, व्हिजिटर सेंटरला त्याचंच नाव आहे, आणि त्यानंतर पार्कचा मोठा भाग कितीतरी वर्षं बंद होता. २०१४ ला सगळा परत उघडला. आम्हाला कुठेही भीती वाटली नाही, गस्तीच्या गाड्या सतत दिसतात. परतीच्या रस्त्यावर मात्र बॉर्डर पेट्रोलचं, म्हणजे सीमेवरच्या गस्ती पोलिसांचं, चेकपोस्ट लागतं, तिथे प्रत्येक गाडी थांबवतात. तेव्हा व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), ग्रीन कार्डवाल्यांनी ग्रीन कार्ड, मूळ कागद जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. आई-बाबांचे पासपोर्ट बघितले, "कसं वाटलं ऑर्गन पाइप?" विचारलं आणि सोडलं, दोन मिनिटं लागली.

जायला नोव्हेंबर ते मार्च. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर करा, जानेवारी-फेब्रुवारीच्या लाँग वीकेंडला लवकर भरतं, आणि जनरेटर आवडत नसेल तर जागा निवडतानाच जनरेटर बंद असलेली रांग बघून घ्या.