मॉल, स्टेडियम नको असेल तर: हरकत, रस्ता, कोर्ट की वाटाघाट?

"हे आम्हाला नको" आणि "हे बेकायदा आहे" ही दोन वेगळी वाक्यं. मॉल किंवा स्टेडियमविरुद्ध उभ्या राहिलेल्या बहुतेक कृती समित्या ती नेमकी उलट्या दारात बोलतात. मोर्चात एफएसआयचा, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम चालतं त्याचा, हिशोब मांडतात आणि हायकोर्टात जाऊन सांगतात की आमच्या भागात आधीच दोन मॉल आहेत. मोर्चातली माणसं घड्याळ बघायला लागतात आणि कोर्ट म्हणतं, हा धोरणाचा विषय आहे.

वस्तीतल्या आरक्षित मैदानावर, बंद गिरणीच्या जागेवर किंवा गावाबाहेरच्या माळावर काही भव्यदिव्य येऊ घातलं असेल, तर ते अडवायच्या ढोबळ वाटा चार: लेखी हरकत, रस्त्यावरचं आणि राजकीय दडपण, कोर्ट, आणि वाटाघाट. चारही एकदम करू म्हणणाऱ्यांकडे सहसा एकही धड करण्याइतकी माणसं नसतात. म्हणून निवड करावी लागते.

आधी "गरज नाही" हे तरी ठरतंय का?

स्टेडियमच्या बाबतीत हे तुलनेने सोपं. वर्षातले सामन्यांचे दिवस मोजा आणि उरलेल्या दिवसांत तिथं काय चालणार हे विचारा. मुंबईत ब्रेबॉर्न असताना वानखेडे उभं राहिलं ते सत्तरच्या दशकात, तिकिटांच्या वाटपावरून ब्रेबॉर्न चालवणारा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं म्हणून. दोन मैदानांत पायी जाण्याएवढं अंतर आहे. वानखेडे पुढे गाजलं ते गाजलंच, पण गरज कुणाची होती हे त्यावरून कळतं. पुण्याजवळच्या गहुंज्याचं स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये थकलेल्या कर्जापोटी बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला. शिवाय पाणी. २०१६ च्या दुष्काळात मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते. नव्या स्टेडियमच्या चकचकीत सादरीकरणात हिरवळ असते. ती हिरवी कुठल्या पाण्यावर राहणार, हे सांगणारी स्लाईड नसते.

मॉलचं गणित अवघड, कारण तुमच्याच सोसायटीतली अर्धी माणसं दर रविवारी डी-मार्टच्या रांगेत असतात. "सगळ्यांचा विरोध आहे" असं लिहिलंत तर पहिल्याच बैठकीत तोंडावर पडाल. त्यापेक्षा जागा, रहदारी आणि आधीच ओस पडलेले मॉल यांवर बोला. नाईट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत २०२३ साली देशातल्या मोठ्या शहरांतली ६४ खरेदी संकुलं जवळपास भुताटकीच्या अवस्थेत होती. आदल्या वर्षी ५७. रिकाम्या मॉलचं पुढे काय होतं हे पाहायचं असेल तर भांडुपचा ड्रीम्स मॉल आठवा. तिथं वरच्या मजल्यावर रुग्णालय थाटलं गेलं होतं आणि मार्च २०२१ मध्ये लागलेल्या आगीत रुग्ण दगावले.

हा सगळा "गरज नाही"चा माल. तो कुठल्या दारात खपतो ते आता पाहू.

लेखी हरकत: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

खर्च झेरॉक्सचा. वेळ एका महिन्याच्या आतली. आणि "गरज नाही" हा मुद्दा अधिकृतपणे ऐकून घेणं ज्यांचं कामच आहे, असं हे एकमेव दार.

शहराचा विकास आराखडा नव्याने होत असेल तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली हरकती मागवतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि मग आराखडा सरकारकडे जातो. पण एखादं मैदान गिळायचं असेल तर कुणी अख्खा आराखडा उघडत नाही. त्यासाठी कलम ३७ चा फेरबदल असतो: एका भूखंडापुरता, एका नोटिशीपुरता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक टायपात. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, आरक्षण क्रमांक, आणि मग एक ओळ: "खेळाचे मैदान" याऐवजी "क्रीडासंकुल व अनुषंगिक वापर". मॉल त्या "अनुषंगिक" मध्ये दडलेला असतो. मुदत एक महिना. तुम्हाला ही बातमी पत्र्याचं कुंपण पडल्यावर कळली असेल, तर ती मुदत बहुधा उलटून गेलेली असते.

आराखडा मंजूर करताना सरकारने स्वतःहून मोठे बदल केले तर तेवढा भाग वगळून पुन्हा हरकती मागवल्या जातात. कार्यालयात त्याला ईपी म्हणतात. पहिली फेरी हुकलेल्यांना ही दुसरी संधी असते आणि ती वापरणारे फार थोडे.

हरकत कशी लिहावी यावर पानंच्या पानं लिहिता येतील. मी दोनच गोष्टींचा आग्रह धरेन. आराखड्यातल्या तुमच्या भागाच्या नकाशाची प्रत जोडा आणि त्यावर तो भूखंड लाल पेनाने दाखवा. सुनावणीत एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात सर्व्हे नंबर शोधत बसायला कुणाला सवड नसते. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" हे ऐकून घेऊ नका. ती शिक्क्याची प्रत पुढे कोर्टात तुम्ही वेळेवर जागे होतात याचा पुरावा असते.

माहिती अधिकाराचा अर्ज याला पूरक, पण तारखा जुळत नाहीत: उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस, हरकतीला तुम्हाला तेवढेच. उत्तराची वाट पाहत हरकत थांबवू नका. आधी हरकत टाका, मिळालेले कागद सुनावणीत ठेवा.

ही वाट तोकडी कुठे पडते? हरकती ऐकाव्या लागतात, मानाव्या लागतात असं नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या घरात हरकती आल्या, महापालिकेला तो वेळेत उरकता आला नाही आणि २०१५ मध्ये सरकारने तो स्वतःकडे घेतला. शिवाय मार्च २०२२ नंतर मुंबई-पुण्यात बराच काळ निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी प्रशासकच होते. म्हणजे फेरबदलाचा प्रस्ताव मांडणारा, पालिकेत तो मंजूर करणारा आणि त्यावरची हरकत ऐकणारा, सगळी एकच खुर्ची.

रस्ता आणि राजकारण: जलद, पण शिळं होणारं

मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा प्रारूप आराखडा एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांना बाजूला ठेवायला लावावा लागला. चुका ढीगभर होत्या हे खरं, पण हजारो लेखी हरकती आणि वर्तमानपत्रांतला गदारोळ एकाच वेळी झाला म्हणून तीन महिन्यांच्या आत ते घडलं. कोर्टात एवढ्या वेळात एखादी तारीख पडती. रस्त्याची ताकद ही आहे. इथं "नको" एवढंच म्हणणं पुरतं, कलमांची गरज नसते.

पण रस्त्यावर मिळालेला शब्द कागदावर नसतो. स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, आणि निवडणूक झाल्यावर फाईल पुन्हा हलते. मोर्चा काढायचाच असेल तर हरकतीची मुदत चालू असताना काढा. मंजुरीनंतरच्या मोर्चाला निवेदन स्वीकारल्याचा फोटो तेवढा मिळतो.

यातलीच एक वाट आपल्याकडे जवळजवळ नाहीच: मतदान. गंमत बघा, वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मागणी करून आडवी बाटली आणू शकतात, पण त्याच दुकानाशेजारचं मैदान मॉलला जाऊ नये म्हणून कुणालाच मत देता येत नाही. पेण भागातल्या गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावर, जनमत घेतलं गेलं. ते प्रशासनाने घेतलं, आणि निकाल अधिकृतपणे जाहीरच केला नाही.

ज्यांच्याकडे हा हक्क आहे त्यांचंही सगळं आलबेल आहे असं समजू नका. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडमध्ये वॉलमार्टने ६० एकरांवरच्या अजस्र दुकानासाठी पालिकेची छाननी टाळून थेट मतपेटीचा मार्ग धरला आणि एप्रिल २००४ मध्ये साधारण ६० टक्के मतदारांनी तो हाणून पाडला. जगभर त्या विजयाचे गोडवे गायले गेले. पुढे तेच ६० एकर शेजारच्या रेसकोर्सच्या जमिनीला जोडले गेले, सह्यांचा अर्ज आला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये नगर परिषदेने मतदान न घेताच स्टेडियमला मान्यता दिली. २०२० मध्ये ते उघडलं. २००४ मध्ये मतदारांनी दुकानाला नकार दिला होता. जमिनीच्या वापराला कुणी कायमचं कुलूप लावलं नव्हतं.

कोर्ट: महाग, संथ, आणि कधीकधी निर्णायक

इथं "गरज नाही"चा उपयोग शून्य. कोर्ट बघतं ते एवढंच: ठरलेली पद्धत पाळली का, आरक्षण बदलण्याचा अधिकार त्या माणसाला होता का, नोटीस निघाली का, सुनावणी झाली का. यात भोक सापडलं तर कोर्टासारखं दुसरं हत्यार नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरमध्ये उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणं रद्द केलं आणि आसपासच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हे ठणकावून सांगितलं. १९९९ मध्ये लखनौच्या झंडेवाला पार्कखालचं बाजार संकुल पाडून उद्यान पूर्ववत करायला लावलं. मैदानाच्या पोटात पार्किंग आणि दुकानं काढण्याची टूम तुमच्याकडे निघाली असेल, तर वकिलाला हा लखनौचा निकाल आवर्जून विचारा.

आणि उशीर झाला तर काय होतं ते गिरण्यांच्या जमिनींवर दिसतं. १९९१ च्या नियमात गिरणीची जागा ढोबळमानाने तीन वाट्यांत जायची: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणीला फक्त रिकामा भाग धरला जाऊ लागला. याचिका आली २००५ मध्ये. हायकोर्टाने त्याच वर्षी याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मधल्या वर्षांत जमिनी विकल्या गेल्या होत्या, त्या घेणाऱ्या त्रयस्थांचे हक्क उभे राहिले होते, आणि विलंबाचा मुद्दा निकालात स्पष्ट आला. परळ-लोअर परळमध्ये आज उद्यान शोधायला निघालात तर आधी मॉल लागतो.

हायकोर्ट की पर्यावरणाचे दावे ऐकणारा राष्ट्रीय हरित लवाद, हा पुढचा प्रश्न, आणि यात लोक फार पैसे घालवतात. लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, अर्जाची फी हजार रुपये, वातावरण कमी दडपणाचं. पण लवाद ठरावीक पर्यावरण कायद्यांपुरताच आहे आणि एमआरटीपी त्या यादीत नाही. नुसतं मैदानाचं आरक्षण उठवलं ही तक्रार तिथं चालत नाही, ती हायकोर्टाची. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर असेल, तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते. ती चुकीची दिली असेल तर लवादात अपील करा, तेही ३० दिवसांत. सबळ कारण असेल तर फार तर आणखी ६०. एक गैरसमजही काढून टाका: अशा इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. तिची वाट पाहत बसलेल्या समित्यांना मंजुरीची बातमी उशिरा कळते.

जनहित याचिकेत कोर्ट अनामत भरायला सांगू शकतं, आणि चार-पाच वर्षं नेटाने तारखांना जाणारी दोन माणसं तरी लागतात. ती नसतील तर या वाटेला जाऊ नका.

वाटाघाट: शेवटी येणारी, पण कमी लेखू नये अशी

मंजुऱ्या पक्क्या असतील आणि पद्धतीत भोक नसेल, तर "एक वीटही रचू देणार नाही" ही घोषणा तुम्हालाच महागात पडते. तेव्हा अटींवर यावं. मात्र टेबलावर कोण बसलंय ते आधी बघा. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांचं जानेवारी २०२४ मध्ये ठरलं: १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे. त्यावर मतदान झालं ते क्लबच्या सभासदांचं. कुंपणाबाहेर राहणारे लाखो लोक त्या हिशोबात फक्त प्रेक्षक होते.

मागायचं ते मोजता येईल असं मागा. "स्थानिकांना प्राधान्य" ही अट नव्हे, ती भाषणातली ओळ आहे. मैदानाचा अमुक चौरस मीटर भाग सकाळी सहा ते नऊ विनाशुल्क खुला, मालगाड्यांचं प्रवेशद्वार शाळेच्या रस्त्यावर नको, सामन्याच्या दिवशी पार्किंग आवारातच, कार्यक्रमांचे वर्षाला कमाल इतके दिवस: अशा अटी लागतात. आणि त्या विकासकाच्या पत्रावर घेऊन समाधान मानू नका. बांधकाम परवानगीच्या अटींत त्या चढवून घ्या, कारण भोगवटा प्रमाणपत्र देताना पालिका तपासते ते परवानगीच्या अटी. एकदा भोगवटा मिळाला की विकासक बैठकीला माणूसही पाठवत नाही.